बरे झाल्यानंतरची पंधरा वर्षे

प्रश्नाची उथळ मांडणी

शरीराच्या रक्षणासाठी असलेली प्रतिकारशक्ती त्याच शरीरावर उलटली, की रुग्णाच्या रक्तातील टी पेशी वेगळ्या काढाव्यात, निर्बल केलेल्या विषाणूच्या वाहनातून त्यांच्या जनुकसंचात एक कृत्रिम जनुक बसवावे, त्यायोगे बी पेशींना हेरून मारण्याचे सामर्थ्य त्यांना द्यावे आणि मग त्या पुन्हा त्याच रुग्णाच्या शिरेत सोडाव्यात, ही योजना रक्ताच्या कर्करोगासाठी जन्मली आणि गेल्या काही वर्षांत संधिवाततज्ज्ञांच्या दालनात येऊन पोहोचली. मार्च २०२१ मध्ये जर्मनीतील एर्लांगेनच्या विद्यापीठ रुग्णालयात गेओर्ग शेट, आंद्रेआस माकेन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युपस या अशाच एका स्वयंप्रतिकार व्याधीने जर्जर झालेल्या २० वर्षांच्या एका तरुणीवर हा कार-टी उपचार केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच गटाने १५ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांतील ८ ल्युपसचे, ४ सिस्टेमिक स्क्लेरोसिसचे, म्हणजे कातडी आणि आतले अवयव घट्ट होत जाणाऱ्या व्याधीचे, आणि ३ स्नायूंच्या दाहाचे रुग्ण होते, आणि त्या पंधराही जणांची प्रतिकारशक्ती दडपणारी सर्व औषधे बंद करता आली. ज्याने या व्याधींचे रुग्ण जवळून पाहिले आहेत, स्टेरॉइडने सुजलेले चेहरे, लघवीतून वाहून जाणारी प्रथिने आणि तिशीतच डायलिसिसची पाळी आलेल्या स्त्रिया पाहिल्या आहेत, त्याला हा वृत्तान्त वाचून आनंद झाल्यावाचून राहणार नाही. मलाही तो झाला, आणि अजून ओसरलेला नाही.

परंतु या आनंदाच्या पाठोपाठ जी चर्चा सुरू झाली ती मला उथळ वाटते. एका पक्षाचे म्हणणे असे, की एकच सलाइन लावावे आणि जन्मभराच्या गोळ्यांतून सुटका व्हावी, याहून सुरक्षित ते काय. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की जनुकांत ढवळाढवळ केलेल्या पेशींतून कर्करोग उद्भवतो हे सिद्ध झाले असताना, ज्यांना कर्करोग नाही अशांच्या अंगात त्या घालणे हा अविचार होय. हे दोन्ही पक्ष एकमेकांचे वैरी असले तरी त्यांचे गृहीतक एकच आहे: सुरक्षितता हा पेशीच्या अंगचा गुण असून प्रयोगशाळेत पुरेसे निरखून पाहिले की तो आहे किंवा नाही हे कळते.

माझे प्रतिपादन निराळे आहे. या उपचाराची दीर्घकालीन सुरक्षितता तीन गोष्टींच्या परस्परसंबंधांतून ठरते: व्याधी कोणती व तिच्यावर अन्य उपाय कोणते आहेत, रुग्णापुढे आयुष्य किती उरले आहे, आणि उपचारानंतर त्याचा हिशेब ठेवणारे दप्तर कोणाच्या ताब्यात, किती मुदतीपर्यंत आणि कोणाच्या खर्चाने चालणार आहे. यांतील तिसऱ्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जाते, आणि माझ्या मते निर्णायक तीच आहे. ज्या उपचारामागे असे दप्तर नाही, त्यातील पेशी कितीही निर्दोष असल्या तरी त्याला सुरक्षित म्हणण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.

१. कर्करोगाचा दाखला कुठवर लागू पडतो

२८ नोव्हेंबर २०२३ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केले, की कार-टी उपचार घेतलेल्या काही कर्करुग्णांत टी पेशींचाच नवा कर्करोग उद्भवल्याच्या नोंदी आल्या असून त्यांची चौकशी चालू आहे. जानेवारी २०२४ मध्ये या वर्गातील उत्पादनांच्या माहितीपत्रकावर चौकटीतला ठळक इशारा छापण्याचे फर्मान निघाले. २०२३ अखेर अशी २२ प्रकरणे दप्तरी दाखल होती आणि तोवर त्या देशात २७,००० हून अधिक मात्रा दिल्या गेल्या होत्या. भागाकार केला तर साधारण बाराशेंत एक असे प्रमाण निघते, आणि पुष्कळांचा विचार या भागाकारापाशीच थांबतो. वस्तुतः तेथून तो सुरू व्हायला हवा. भाजकात मात्रा आहेत, पुरेशी वर्षे नजरेखाली राहिलेले रुग्ण नाहीत. भाज्यात केवळ कळवलेली प्रकरणे आहेत, घडलेली सर्व प्रकरणे आहेत असे नाही. शिवाय त्या २२ पैकी, माहिती प्रसिद्ध झाली तेव्हा, ज्या तीन प्रकरणांत गाठीच्या पेशींचे जनुकवाचन झाले होते त्या तिन्हींत कृत्रिम जनुक सापडले होते. उरलेल्या प्रकरणांत दोष नव्या पेशींचा, की जुन्या केमोथेरपीचा, की मूळ रोगाचा, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

कारण कर्करुग्णाच्या देहात या पेशी पोहोचतात त्यापूर्वी तेथे बरेच काही होऊन गेलेले असते. केमोथेरपीच्या अनेक फेऱ्या, कित्येकदा किरणोपचार, काहींच्या बाबतीत अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण, आणि या सर्वांच्या तडाख्यातून तगलेल्या रक्तजनक पेशींत साचलेली उत्परिवर्तने. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२४ मध्ये ७२४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत टी पेशींच्या लिम्फोमाचा एकच रुग्ण सापडला, आणि त्याच्या गाठीची जनुकीय छाननी केली असता तीत कृत्रिम जनुकाचा मागमूस नव्हता. उलट त्या गाठीकडे नेणारी उत्परिवर्तने त्याच्या रक्तात उपचाराआधीपासूनच होती. म्हणून कर्करोगाच्या दालनातला आकडा उचलून जसाच्या तसा ल्युपसच्या दालनात नेणारा मनुष्य धोका फुगवून सांगत असण्याचा संभव आहे.

तथापि, यावरून स्वयंप्रतिकार व्याधीच्या रुग्णाला धोका कमीच असणार असा निष्कर्ष काढणारे दुसरी घाई करतात. ल्युपसच्या रुग्णाने सायक्लोफॉस्फामाइड किंवा अझाथायोप्रिन पूर्वी वर्षानुवर्षे घेतलेले असू शकते. ल्युपस आणि श्योग्रेन यांसारख्या व्याधी स्वतःच लिम्फोमाचा संभव वाढवतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, धोका दरवर्षी थोडाथोडा साचत जाणारा असेल तर त्याची बेरीज आयुष्याच्या लांबीवर अवलंबून राहते. वारंवार उलटलेला रक्ताचा कर्करोग घेऊन आलेल्या साठीतल्या गृहस्थासमोर पर्याय बहुधा काही महिन्यांत मृत्यू हा असतो. त्याला दहा वर्षांनंतरचा धोका हे मिळालेल्या दहा वर्षांचेच दुसरे नाव आहे. ल्युपस हा प्रामुख्याने तरुण स्त्रियांचा आजार. दर दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात, आणि उपलब्ध औषधांवर त्यांतील बहुसंख्य स्त्रिया, कष्टाने का होईना, दशकानुदशके जगतात. एर्लांगेनच्याच वैद्यांनी डायलिसिसवर आलेल्या एका किशोरवयीन मुलीला या उपचाराने डायलिसिसमधून सोडवले. तिच्यासाठी तो उपचार योग्यच होता असे मला वाटते, पण तिचा हिशेब पन्नास-साठ वर्षांचा आहे, हे विसरून चालणार नाही.

याहून मूलगामी भेद जीवशास्त्राचा आहे. कर्करोगात कार-टी पेशी शक्य तितका काळ टिकाव्यात अशीच वैद्यांची इच्छा असते, कारण एक जरी दुष्ट पेशी निसटली तरी रोग परत येतो; फिलाडेल्फियात २०१० मध्ये उपचार घेतलेल्या रुग्णांत दशकानंतरही त्या पेशी सापडल्या आणि त्याचे स्वागत झाले. स्वयंप्रतिकार व्याधीत मात्र एर्लांगेनच्या रुग्णांच्या बी पेशी सरासरी ११२ दिवसांनी परत आल्या, आणि परत आल्या तरी त्यांच्याबरोबर रोग परतला नाही. जुन्या, स्वकीयांनाच शत्रू मानण्याची सवय जडलेल्या बी पेशींची जागा कोऱ्या, अननुभवी पेशींनी घेतली होती. वैद्य याला प्रतिकारशक्तीचा ‘रीसेट’ म्हणतात. हे निरीक्षण मोठ्या संख्येत खरे ठरले तर काम आटोपलेल्या कार-टी पेशींचा पुढचा प्रत्येक महिना लाभाच्या बाजूला काही न टाकता फक्त धोक्याच्या बाजूला भर घालील. एका दालनात जे यशाचे लक्षण ते दुसऱ्या दालनात देणे ठरते, आणि म्हणूनच कर्करोगासाठी पारखलेली पेशी केवळ तेथे पारखली गेली आहे एवढ्या शिफारशीवर येथे स्वीकारता येत नाही.

२. लहान संख्येचे मौन

‘पंधरा रुग्णांत एकालाही कर्करोग झाला नाही’ हे विधान अक्षरशः सत्य आहे आणि तरीही त्यातून फार थोडे निष्पन्न होते. संख्याशास्त्रात एक ढोबळ पण उपयुक्त नियम आहे: एखादी घटना अमुक इतक्या रुग्णांत एकदाही घडली नसेल, तर तीनला त्या रुग्णसंख्येने भागून जे प्रमाण येईल तेथवरचा धोका, शंभरात पंचाण्णव विश्वासाने बोलायचे झाले तर, अजून नाकारता येत नाही. पंधरा रुग्णांच्या बाबतीत हे प्रमाण पाचांत एक इतके मोठे निघते. शंभरात एकाचा धोका नाकारायला तीनशे रुग्ण हवेत, हजारात एकाचा नाकारायला तीन हजार, आणि तेही सर्वच्या सर्व धोक्याच्या पूर्ण मुदतीपर्यंत नजरेखाली राहिलेले. एर्लांगेनच्या रुग्णांचा त्या वृत्तान्तातील मध्यक पाठपुरावा १५ महिन्यांचा होता.

येथे एक व्यावहारिक अडचण उभी राहते जिचा उच्चार मला फारसा कोठे आढळत नाही. सिस्टेमिक स्क्लेरोसिस, स्नायुदाह, मायस्थेनिया या व्याधी विरळ आहेत. त्यांवर अनेक कंपन्या आपापली निरनिराळी पेशी-उत्पादने घेऊन उतरल्या आहेत आणि प्रत्येकीच्या चाचणीत वीस-तीस रुग्ण असतात. प्रत्येकीचे कागद तिच्या स्वतःच्या कपाटात राहिले, तर कोणत्याही एका उत्पादनाच्या नावावर तीन हजार रुग्ण पंधरा वर्षांतही जमायचे नाहीत. मग प्रत्येक कंपनी स्वतःपुरते खरे बोलत राहील की आमच्याकडे एकही प्रकरण नाही, आणि त्या सर्व खऱ्या विधानांची बेरीज करायला कोणीच नसेल. दप्तर सामाईक असावे हा माझा आग्रह यातून आला आहे. विरळ धोका वेगवेगळ्या वह्यांत वाटला गेला की तो दिसेनासा होतो, आणि अदृश्य धोका शून्य मानण्याची सवय आपल्या कारभारात जुनी आहे.

३. उशिरा उमटणाऱ्या परिणामांचा इतिहास

जनुकोपचाराच्या इतिहासातील एक प्रकरण प्रत्येक संधिवाततज्ज्ञाने वाचावे असे आहे. १९९९ पासून पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात आलँ फिशर आणि मारिना काव्हाझाना यांनी, आणि मागोमाग लंडनच्या वैद्यांनी, जन्मजात प्रतिकारशक्तीच नसलेल्या बालकांच्या रक्तजनक पेशींत हरवलेले जनुक रेट्रोव्हायरसच्या वाहनातून घातले. काचेच्या आड वाढणारी ती मुले घरी गेली. पुढे दोन ते साडेपाच वर्षांच्या अंतराने वीसांपैकी पाच मुलांना रक्ताचा कर्करोग झाला, कारण विषाणूने नेलेले जनुक योगायोगाने पेशींच्या वाढीवर हुकूम चालवणाऱ्या एका जनुकाशेजारी जाऊन बसले होते. त्यानंतर वाहने सुधारली; तरीही मेंदूच्या एका आनुवंशिक व्याधीसाठी लेंटिव्हायरस वापरून केलेल्या स्कायसोना उपचारात ६७ मुलांपैकी सातांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

या उदाहरणांचा उपयोग भीती घालण्यासाठी करणे अप्रामाणिकपणाचे होईल. दोन्हीकडे जनुक घातले गेले ते रक्तजनक मूळपेशींत. कार-टी उपचारात ते घातले जाते प्रौढ टी पेशींत, आणि प्रौढ टी पेशी कर्करोगाकडे सहजी वळत नाहीत, असे आजवरचा अनुभव सांगतो. पण ऑस्ट्रेलियात, विषाणूऐवजी उडत्या जनुकखंडाचे तंत्र वापरून बनवलेल्या कार-टी पेशींच्या एका लहान चाचणीत दहा रुग्णांपैकी दोघांना त्या पेशींचाच लिम्फोमा झाला, हेही त्याच अनुभवात मोडते. यावरून मी एवढेच म्हणतो, की प्रौढ टी पेशींचे कवच बळकट असले तरी ते अभेद्य नाही, आणि ते किती बळकट हे प्रत्येक नव्या तंत्राबरोबर पुन्हा तपासावे लागते.

स्वयंप्रतिकार व्याधींच्या औषधांचा स्वतःचा इतिहासही येथे बोलका आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसवरील नॅटालिझुमॅब हे औषध नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, मेंदूच्या एका प्राणघातक विषाणुसंसर्गामुळे फेब्रुवारी २००५ मध्ये मागे घेतले गेले, आणि जून २००६ मध्ये प्रत्येक रुग्णाची सक्तीची नोंद ठेवण्याच्या अटीवर परत आले. त्या नोंदींतून आणि पुढील अभ्यासांतून हळूहळू उलगडले, की धोका सर्वांना सारखा नाही: अंगात त्या विषाणूची प्रतिपिंडे आहेत का, औषध दोन वर्षांहून अधिक काळ चालू आहे का, आणि प्रतिकारशक्ती दडपणारी अन्य औषधे पूर्वी घेतली होती का, या तीन प्रश्नांनी तो विभागता येतो. औषध तेच राहिले आणि सुरक्षितता वाढली, ती दप्तराने वाढवली. संधिवाताच्या टोफासिटिनिबचेही तसेच. २०१२ मध्ये मान्यता देताना नियामकांनी कंपनीवर मोठ्या तौलनिक चाचणीची अट घातली होती. चार हजारांहून अधिक रुग्णांच्या त्या चाचणीत जुन्या इंजेक्शनांच्या तुलनेत हृदयविकार आणि कर्करोग यांचे प्रमाण जास्त दिसले, आणि इशारा २०२१ मध्ये कडक झाला. मधल्या नऊ वर्षांत कोणाची फसवणूक झाली असे मला म्हणायचे नाही. एवढा काळ लागतोच, आणि तो सोसण्याची तजवीज अगोदर करावी लागते.

४. कर्करोगाखेरीज

धोक्याची चर्चा कर्करोगापाशी खिळून राहिल्याने इतर गोष्टी झाकल्या जातात, म्हणून त्यांचा उल्लेख थोडक्यात करतो. सीडी-१९ ही खूण पाहून मारणाऱ्या पेशी अस्थिमज्जेतील दीर्घायुषी प्लाझ्मा पेशींना सहसा हात लावत नाहीत, त्यामुळे जुन्या लसींची प्रतिपिंडे बव्हंशी टिकतात. परंतु बीसीएमए ही दुसरी खूण वापरली तर प्लाझ्मा पेशीही जातात आणि इम्युनोग्लोब्युलिन बाहेरून द्यावे लागण्याची वेळ येऊ शकते. म्हणजे ‘कार-टी’ या एका नावाखाली निरनिराळ्या भवितव्यांचे उपचार नांदतात. पेशी सोडण्यापूर्वी फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड देऊन रक्तात जागा मोकळी केली जाते; मूल व्हावे अशी इच्छा असलेल्या तरुणीच्या बीजकोशांवर त्याचा काय परिणाम होतो, याची नोंद कर्करोगाच्या अभ्यासांत दुय्यम असते, येथे ती पहिल्या पानावर हवी. आणि आपल्या देशापुरते बोलायचे तर सुप्त क्षय व हेपटायटिस बी या दोन गोष्टींबाबत जर्मनीतील अनुभव आपल्याला पुरेसा आधार देऊ शकत नाही, कारण तेथे ते जंतू बाळगून असलेले लोक तुलनेने फार थोडे आहेत.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप सर्वांत सबळ आहे. स्टेरॉइडने हाडे ठिसूळ होतात, सायक्लोफॉस्फामाइडने मूत्राशयाचा कर्करोग होऊ शकतो, दीर्घकाळ दडपलेल्या प्रतिकारशक्तीत जंतुसंसर्गाने माणसे दगावतात. मग जुन्या औषधांना सूट आणि नव्या पेशींना कडक परीक्षा, हा कोठला न्याय? मला हा आक्षेप मान्य आहे, आणि तो माझ्याच बाजूने उभा राहतो. तुलना करायचीच असेल तर दोन्ही बाजूंचा जमाखर्च एकाच वहीत मांडावा लागेल: कार-टी घेतलेल्या रुग्णांबरोबरच, तितक्याच तीव्र व्याधीच्या पण जुन्या औषधांवर असलेल्या रुग्णांचीही नोंद तितकीच वर्षे ठेवावी लागेल. स्टेरॉइड सुटले म्हणून न मोडलेली हाडे आणि न झालेले न्यूमोनिया हे कार-टीच्या जमेला लागले पाहिजेत, आणि तसे दप्तर नसेल तर ही जमेची बाजूही कोणाला दिसणार नाही. एक फरक मात्र या तुलनेत मिटत नाही. गोळी थांबवता येते. जनुकसंचात बसलेले जनुक सातबाऱ्यावर चढलेल्या बोज्याप्रमाणे मालक कितीही निश्चिंत झाला तरी उताऱ्यावर राहते. काही रचनांत औषध देऊन त्या पेशी मारण्याची कळ ठेवलेली असते हे खरे, पण पेशीने कर्करोगाचे रूप घेतल्यावर ती कळ चालेलच याची हमी कोण देणार?

दुसरा आक्षेप करुणेचा आहे: पाठपुराव्याची पंधरा वर्षे सरेपर्यंत थांबायचे म्हटले तर आज जी मुलगी मूत्रपिंडे गमावत आहे तिने काय करावे? तिने थांबू नये. अस्थिमज्जेतील मूळपेशींच्या प्रत्यारोपणाचा युरोपीय अनुभव या बाबतीत मार्गदर्शक आहे. सिस्टेमिक स्क्लेरोसिसच्या १५६ रुग्णांच्या ॲस्टिस चाचणीत प्रत्यारोपणाच्या गटातील दहापैकी एक रुग्ण पहिल्या वर्षात उपचारामुळेच दगावला, आणि तरीही पुढील वर्षांत त्याच गटाची जगण्याची शक्यता सरस ठरली. भारी जोखीम काही व्याधींत न्याय्य असू शकते, हे तेथे मोजून दाखवले गेले. माझा आग्रह वाट पाहण्याचा नसून क्रमाचा आहे: आधी ज्यांचे अवयव धोक्यात आहेत आणि ज्यांच्यावर इतर औषधे निष्फळ ठरली आहेत ते, आणि दप्तरातील वर्षे वाढतील तसतसे सौम्य व्याधींचे रुग्ण. हा क्रम उलटवण्याचा मोह बाजारपेठेला होणार, कारण सौम्य रुग्णांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्यात अपयशही कमी दिसते.

तिसरा आक्षेप तंत्रज्ञांचा: जनुकसंचात कायमचे बसणारे वाहन लवकरच इतिहासजमा होईल, मायस्थेनियात केवळ तात्पुरता आरएनए-संदेश घातलेल्या पेशी वापरून झाल्या आहेत, शांघायच्या वैद्यांनी निरोगी दात्याच्या, जनुककात्रीने बदललेल्या पेशी तीन रुग्णांना दिल्या आहेत, आणि शरीरातल्या शरीरातच टी पेशी घडवण्याचे प्रयोग चालू आहेत, मग जुन्या तंत्राच्या पंधरा वर्षांच्या नोंदीचा उपयोग काय? उपयोग असा, की तंत्र बदलले तरी ज्याच्या देहात जुने तंत्र गेले तो रुग्ण बदलत नाही. दात्याच्या पेशींत कात्रीने गुणसूत्रे ज्या जागी तुटतात त्या तुटीचे भवितव्य हा नवा प्रश्न आहे, आणि आरएनएच्या पेशींनी जनुक बसण्याचा धोका टाळला तरी प्रतिकारशक्तीचा एक हिस्सा पुसून टाकण्याचे परिणाम उरतातच. शिवाय उत्पादने बाजारातून जातातही. जनुकोपचारात अग्रेसर असलेल्या ब्लूबर्ड बायो या कंपनीने किमतीच्या वाटाघाटी फसल्यावर २०२१ मध्ये युरोपातून काढता पाय घेतला. कंपनी बाजारातून निघू शकते; रुग्णाच्या देहातील जनुक निघत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०२५ मध्ये कार-टी उत्पादनांवरील विशेष जोखीम-व्यवस्थापनाची बंधने उठवली, याचा दाखला कोणी देईल; पण ती बंधने मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांतील तीव्र उपद्रवांसाठी होती, आणि उपचारानंतर पंधरा वर्षे रुग्णांचा पाठपुरावा करण्याचे उत्पादकांवरील बंधन त्या प्रशासनाने उठवलेले नाही.

बरा झालेला रुग्ण परत येत नाही

आता त्या दप्तराविषयी. पवईच्या आयआयटीत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेतून आणि टाटा स्मारक केंद्राच्या वैद्यांच्या सहकार्यातून निघालेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उत्पादनाला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत त्याचे लोकार्पण झाले. तो उपचार रक्ताच्या कर्करोगांसाठी आहे, पण ज्या देशात अशा पेशी परदेशी किमतीच्या साधारण दशांशात बनू लागल्या, तेथे ल्युपसचे रुग्ण त्यांच्याकडे आशेने पाहणार हे उघड आहे. त्यांनी पाहावे; परंतु पाहण्यापूर्वी आपल्याकडचे वास्तव ओळखावे. मुंबईच्या कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत संधिवाताच्या वारी जाऊन उभे राहिले तर दिसते, की रुग्णाचा सारा इतिहास त्याच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो: कडा झिजलेला केसपेपर, घड्या पडून अक्षरे पुसट झालेली डिस्चार्ज कार्डे, खासगी लॅबचे फिकट पडत चाललेले रिपोर्ट, आणि कोठल्याशा तालुक्याच्या डॉक्टरने मधल्या काळात काय दिले ते सांगणारी चिठ्ठी. पिशवी हरवली की इतिहास हरवतो. आजारी असेपर्यंत ती पिशवी जपली तरी जाते. बरी झालेली स्त्री ती माळ्यावर टाकते, आणि तिने तसे करणे स्वाभाविक आहे, कारण वर्षानुवर्षे रुग्ण म्हणून जगल्यावर रुग्णपण विसरण्याचा हक्क तिने कमावलेला असतो. ती सासरी जाते, गाव बदलते, फोनचा नंबर बदलते. दहा वर्षांनी मानेत गाठ आली तर वेगळ्याच शहरातल्या शल्यचिकित्सकाकडे जाते, आणि तिच्या टी पेशींत कधीकाळी काय घातले होते हे त्याने विचारावे तरी कशावरून?

म्हणून पाठपुराव्याचे ओझे रुग्णावर टाकणारी कोणतीही योजना फसणार. ते ओझे दप्तराने उचलले पाहिजे, आणि महाराष्ट्राला यातले काही ठाऊक नाही असे नाही. भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. देशातील पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीस सुरू झाली. बार्शीच्या नोंदणीने ओळखले, की खेड्यातला रुग्ण रुग्णालयात येईलच असे नाही, म्हणून तिचे कार्यकर्ते गावोगाव फिरले आणि लोकांशी बोलून नोंदी जमवल्या. कार-टी रुग्णांची यादी अशा कर्करोग नोंदण्यांशी आणि मृत्युनोंदीशी, गोपनीयतेची हमी देऊन, वेळोवेळी जुळवून पाहता आली, तर गाठ घेऊन वेगळ्याच शहरात गेलेली स्त्री दप्तराच्या नजरेतून सुटणार नाही. हे काम संगणकाने सोपे केले आहे. अवघड आहे ते कोणी करायचे हे ठरवणे. ते उत्पादकाकडे सोपवू नये, कारण त्याचा हितसंबंध गुंतलेला आहे. एकट्या रुग्णालयाकडेही सोपवू नये, कारण तेथे डॉक्टर बदलले की वही बंद पडते. नियामकांच्या अधिकाराखालील, पण संशोधकांना खुली असलेली राष्ट्रीय नोंदणी हाच मला दिसणारा मार्ग आहे.

कुपीतले रक्त

या दप्तराचा एक भाग कागदावर मावत नाही. स्टॅनफर्डच्या त्या एका रुग्णाचा उलगडा झाला, कारण त्याचे उपचारापूर्वीचे नमुने तपासता आले; अमेरिकेच्या २२ प्रकरणांतील बहुतेकांबाबत तेव्हा तसा निवाडा देता आला नाही, कारण नाव, निदान आणि तारीख एवढ्यावर जनुकीय प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. प्रत्येक रुग्णाचे रक्त केमोथेरपीच्या आदल्या दिवशी घेऊन, आणि ज्या पेशी त्याला दिल्या त्यांतील उरलेला थोडा अंश बाजूला काढून, ते दोन्ही नमुने उणे ऐंशी अंशांच्या शीतपेटीत, शक्य तर दोन वेगळ्या शहरांत, पंधरा वर्षे राखून ठेवले पाहिजेत. नंतर गाठ आली तर ती कृत्रिम जनुकातून आली, की रुग्णाच्या रक्तात आधीपासून असलेल्या दोषातून, हे सांगणारा तेवढाच साक्षीदार शिल्लक असेल. याला खर्च येतो: शीतपेटीचा, अखंड विजेचा, जनरेटरचा, आणि पंधरा वर्षे त्या कुप्यांची मोजदाद करणाऱ्या माणसाच्या पगाराचा. स्वस्त उपचाराच्या अभिमानात हा खर्च वगळला जाण्याचा धोका मला सर्वांत जवळचा वाटतो. उपचाराची किंमत ठरवतानाच तो तीत धरावा, पहिल्याच दिवशी वेगळ्या खात्यात जमा करावा, आणि उत्पादक विकला गेला, बदलला किंवा बंद पडला तरी ते खाते नोंदणीच्याच हवाली राहील अशी अट परवान्याच्या कागदात लिहावी. ती अट पहिला परवाना देताना एका परिच्छेदात लिहिता येते. हजार रुग्णांना पेशी देऊन झाल्यावर ज्यांचे उपचारापूर्वीचे रक्त कोणी ठेवलेच नाही, त्यांच्यासाठी ती मागाहून लिहिता येत नाही.